टपालखर्च कोणाच्या खाती?

कोणत्याही मोठ्या कचेरीच्या वार्षिक जमाखर्चात पगार, भाडे, वीज आणि छपाई यांच्या मागोमाग टपालखर्चाची एक ओळ येते, आणि ती रक्कम इतरांच्या मानाने किरकोळ असल्यामुळे संचालकांची नजर तिच्यावर क्वचितच थांबते. परंतु ही रक्कम कोणत्या खात्याने, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून खर्च केली, असा प्रश्न एखाद्या चौकस लेखापरीक्षकाने केलाच, तर त्याला उत्तर देणारा इसम त्या इमारतीत सहसा सापडत नाही. वसुली खात्याच्या नोटिसा, कायदे खात्याची उत्तरे, भांडार शाखेच्या निविदा, आस्थापनेची नेमणूकपत्रे हे सारे दुपारी तीन-चारच्या सुमारास जावक टेबलावर एकाच ढिगात येऊन पडते, एकाच पेटीतील तिकिटे त्यावर चिकटतात, आणि महिनाअखेर हिशेबनिसाच्या हाती उरते ती एकच बेरीज. त्या बेरजेची खातेवार फोड करण्यासाठी गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जे नाना उपाय योजले गेले त्यांचा, आणि विशेषतः त्यांतील अर्वाचीन उपायाचा, म्हणजे खात्याखात्याचा हिशेब ठेवणाऱ्या फ्रँकिंग यंत्राचा, आढावा येथे घ्यावयाचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. फ्रँकिंग म्हटले की महाराष्ट्रातील वाचकांस बँकेच्या खिडकीवर करारनाम्यावर उमटवून मिळणारी मुद्रांकशुल्काची लाल मोहोर आठवते. बनावट मुद्रांकांचे तेलगी प्रकरण उघडकीस आल्यानंतर तर तिची महती अधिकच वाढली. त्या मोहोरेचा आणि येथील विषयाचा यंत्रापुरता संबंध आहे, पण तो महसूल राज्य शासनाचा आणि हा टपाल खात्याचा. येथे प्रस्तुत आहे ती लिफाफ्यावर उमटणारी, तिकिटाऐवजी चालणारी मोहोर.

टपालाचा खर्च कोणाच्या अंगावर पडावा, हा प्रश्न तिकिटाहूनही जुना आहे. इंग्लंडात एक पेनीचे सरसकट टपाल १८४० साली सुरू होण्यापूर्वी पार्लमेंटच्या सभासदांना विनामूल्य पत्रे धाडण्याचा अधिकार होता: दिवसाला दहा पत्रे पाठवावी आणि पंधरा घ्यावी, अशी मर्यादा होती. हा हक्क सभासदांपुरता राहिला असता तर गोष्ट निराळी. पण मित्र, आप्त, सावकार, व्यापारी असे सर्वजण सभासदाच्या सहीचे लिफाफे मिळवीत, आणि सही करून कोरे लिफाफे वाटून टाकण्यात सभासदांनाही फारसा संकोच वाटत नसे. तेव्हा १७६४ च्या कायद्याने संपूर्ण पत्ता सभासदाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असला पाहिजे असे ठरले, आणि १७८४ साली त्यात ठिकाण व तारीख हस्ताक्षरात घालण्याची अट वाढली. अट वाढली तशी पळवाटही वाढली. शेवटी १० जानेवारी १८४० रोजी हा हक्कच रद्द झाला, आणि राणी व्हिक्टोरियापासून हमालापर्यंत प्रत्येकाच्या पत्राला मूल्य लागू लागले. ज्याचा खर्च कोणाच्याच नावावर पडत नाही त्या सेवेचा उपसा किती बेसुमार होतो, याचे इतके लांबलेले आणि इतके सविस्तर नोंदलेले दुसरे उदाहरण प्रशासनाच्या इतिहासात काढणे कठीण.

फुकट टपाल बंद झाल्यावर सरकारी खात्यांचे काय करावयाचे, हा पुढचा प्रश्न, आणि त्याची चार देशांनी दिलेली चार उत्तरे आजच्या यंत्राच्या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. सर्वांत उत्साही उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीने दिले. १८६८ पासून तेथे प्रत्येक सरकारी खात्याच्या तिकिटांवर त्या खात्याची आद्याक्षरे छापली जाऊ लागली. पोलिसांसाठी ‘पी.’, सरकारी छापखान्यासाठी ‘जी. पी.’, वनस्पती उद्यानासाठी ‘बी. जी.’, वेड्यांच्या इस्पितळासाठी ‘एल. ए.’, याप्रमाणे पन्नासाहून अधिक खात्यांची निरनिराळी तिकिटे एकाच वेळी चालू होती. लोकसंख्येने आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान असलेल्या त्या वसाहतीच्या तिजोरीत पन्नासांवर कप्प्यांतून तिकिटे वेगळी ठेवणारा तो कारकून डोळ्यांसमोर आणला, म्हणजे हिशेबाच्या काटेकोरपणाची मर्यादा कोठे ओलांडली जाते हे सांगण्यास आणखी युक्तिवाद नको. सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, ती सारी आद्याक्षरे बाजूस सारून सर्व खात्यांसाठी मिळून ‘ओ. एस.’, म्हणजे सरकारी कामावर, एवढी दोनच अक्षरे ठेवण्यात आली.

त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने उलट दिशेने पाऊल टाकले होते. तेथील काँग्रेसने फुकट टपालाचा अधिकार रद्द केला आणि १ जुलै १८७३ पासून नऊ खात्यांसाठी नऊ रंगांची तिकिटे प्रचारात आणली: शेतकी खात्याचे पिवळे, न्याय खात्याचे जांभळे, परराष्ट्र खात्याचे हिरवे, कोषागाराचे तपकिरी, नौदलाचे निळे, आणि टपाल खात्याचे स्वतःचे काळे. अध्यक्षांचे कार्यालय, युद्ध, अंतर्गत कारभार यांना तांबड्या-गुलाबी रंगाच्या छटा मिळाल्या. सर्व मिळून ब्याण्णव निरनिराळी तिकिटे निघाली, आणि त्यांत परराष्ट्र खात्याची वीस डॉलरपर्यंतची तिकिटे होती, कारण वकिलातींकडे जाणारे दस्तऐवजांचे पुडके तितके जड असत. प्रत्येक खात्याने आपल्या मंजूर रकमेतून टपाल खात्याकडून आपल्या रंगाची तिकिटे विकत घ्यावयाची, म्हणजे कोणी किती खर्च केला हे आपोआप उघड होईल, असा हा बेत होता. आणि कागदावर तो निर्दोष होता. परंतु १८७७ साली कायद्याने सरकारी कामासाठी एक छापील लिफाफा सुरू झाला, ज्यावर तिकीट न लावता, खाजगी उपयोग केल्यास तीनशे डॉलर दंड, एवढी ताकीद असे. खात्यांनी हा सोपा लिफाफा पत्करला, रंगीत तिकिटे कपाटात पडून राहिली, आणि १८८४ मध्ये ती कायमची रद्द झाली. खुद्द ब्रिटनने १८८२ पासून अंतर्गत महसूल, लष्कर, नौदल, शिक्षण मंडळ इत्यादींच्या नावांचे ठसे तिकिटांवर छापले आणि १९०४ च्या मे महिन्यात तोही प्रयोग आवरता घेतला.

हिंदुस्थानाने मात्र पहिल्यापासून मोजके उत्तर दिले. १८५४ साली दूरतेचा विचार न करता वजनावर टपालहशील आकारण्याची पद्धत येथे आली, आणि १८६६ मध्ये सरकारी पत्रांसाठी नेहमीच्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा एकच शब्द छापण्यास आरंभ झाला. कलेक्टर असो, न्यायाधीश असो की पाटबंधाऱ्यांचा कार्यकारी अभियंता असो, तिकीट एकच. कोणत्या कचेरीने किती तिकिटे उचलली, हे तिकिटावरून न कळता कोषागाराच्या नोंदीवरून आणि सादिलवार खर्चाच्या बिलावरून कळावयाचे. स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेची ‘सर्व्हिस’ तिकिटे आली तरी तत्त्व तेच राहिले. पन्नास आद्याक्षरे सहा वर्षे टिकली, नऊ रंग अकरा वर्षे टिकले, आणि हा एक शब्द शतकाहून अधिक काळ टिकला, ही वस्तुस्थिती मला फार बोलकी वाटते. तिकिटाने पैसा सरकारी आहे एवढेच सांगावे आणि तो कोणत्या शाखेचा आहे हे वहीने सांगावे, ही वाटणी ज्या कोणी केली त्याला कचेरीच्या स्वभावाची जाण चांगली होती.

खाजगी पेढ्यांचा प्रश्न थोडा वेगळा होता. तेथे मुख्य चिंता चोरीची. तिकीट म्हणजे जवळजवळ रोकडच, आणि खिशात मावणारी. त्यामुळे पेढीची तिकिटे कारकुनाच्या घरी जाऊन पत्रांवर चढत किंवा बाजारात निमकिमतीस विकली जात. लंडनच्या जोसेफ स्लोपर याने १८५८ मध्ये तिकिटांवर पेढीची आद्याक्षरे बारीक छिद्रांनी उमटविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८६८ पासून ब्रिटिश टपाल खात्याने अशी छिद्रांकित तिकिटे चालवून घेण्यास संमती दिली. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांनीही ही युक्ती उचलली. त्या काळातील छिद्रांकित तिकिटे आज संग्राहक जपून ठेवतात. मात्र छिद्रांनी चोर पकडता येत असे, खाते नव्हे. खात्यासाठी जावक कारकुनाची तिकीट-वहीच होती: तसलमात म्हणून मिळालेली रक्कम वर, घेतलेली तिकिटे डावीकडे, लावलेली उजवीकडे, दिवसअखेर शिल्लक मोजून सही. बारनिशीत पत्राचा जावक क्रमांक, पत्ता आणि शाखा लिहिलेली असे, आणि तिकीट-वहीत त्या दिवसाची एकूण रक्कम. या दोन वह्यांची रुजवात घातली असती तर खातेवार खर्च निघाला असता. पण तशी रुजवात घालण्यास जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळात कारकुनाने आणखी शंभर लिफाफे रवाना केले असते, म्हणून ती फारशी कोणी घातली नाही.

या परिस्थितीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रँकिंग यंत्र अवतरले. नॉर्वेत १९०० साली असे एक यंत्र अजमावून पाहण्यात आले. अमेरिकेत शिकागोच्या आर्थर पिटनी याने १९०२ मध्ये पेटंट मिळविले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या अर्नेस्ट मॉस याच्या यंत्रास १९०४ मध्ये तेथील टपाल खात्याची मान्यता मिळाली. पिटनीला मात्र अमेरिकेच्या टपाल खात्याचे मन वळविण्यास १९२० साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही वॉल्टर बोज या व्यवहारचतुर भागीदाराशी हातमिळवणी केल्यावरच ते वळले. त्याच वर्षी माद्रिदला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेत यंत्राच्या ठशास आंतरराष्ट्रीय टपालात स्थान मिळाले, १९२२ पासून ब्रिटनमध्ये परवाने सुरू झाले, आणि पुढे तांबडा रंग या ठशाची जगभरची खूण होऊन बसला.

या यंत्राच्या पोटात दोन आकडे असतात, आणि सारी हिशेबाची शिस्त त्या दोहोंवर उभी आहे. एक आकडा चढता: यंत्र जन्मल्यापासून त्याने एकूण किती मूल्य लिफाफ्यांवर छापले, याची बेरीज. दुसरा उतरता: आगाऊ भरलेल्या रकमेपैकी आता किती उरले. पाच रुपयांचा ठसा उमटला की पहिला पाचाने वाढतो आणि दुसरा पाचाने घटतो; त्यामुळे दोहोंची बेरीज नव्याने रक्कम भरेपर्यंत जशीच्या तशी राहते. नव्या यंत्रात दहा हजार रुपये भरले आणि त्यांतील ३,७२५ खर्च झाले, तर चढता आकडा ३,७२५ आणि उतरता ६,२७५ दाखवील. आणखी पाच हजार भरले की बेरीज पंधरा हजार होईल. ज्या दिवशी ही बेरीज भरलेल्या एकूण रकमेशी जुळणार नाही, त्या दिवशी यंत्र बिघडले किंवा कोणी त्याला हात लावला असे समजावे. टपाल खाते यंत्राच्या या भागावर स्वतःचे शिसे ठोकीत असे आणि रक्कम संपली की तो भाग उचलून टपाल कचेरीत न्यावा लागे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टेलिफोनवरून रक्कम भरण्याची सोय निघाली, आणि भारतीय टपाल खात्यानेही जुनी यांत्रिक यंत्रे मागे सारून दूरवरून नियंत्रित होणारी डिजिटल यंत्रे पत्करली.

येथवर जे मिटले ते चोरीचे प्रकरण. चढत्या आकड्याला खोटे बोलता येत नाही, आणि कोऱ्या लिफाफ्यावर ठसा मारून तो घरी नेण्यात, पेढीचे नाव-क्रमांक ठशात असल्यामुळे, मौजही राहिली नाही. पण खाते? यांत्रिक यंत्राला खाती ठाऊक नव्हती. खातेवार हिशेब हवाच असेल तर जावक कारकुनाने प्रत्येक शाखेचा गठ्ठा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर चढता आकडा टिपून ठेवावयाचा, आणि वजाबाकी करून त्या शाखेच्या नावे मांडावयाची, हा एकच मार्ग होता. मार्ग सरळ होता, पण गठ्ठे शाखावार वेगळे येतील तरच.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी ही वजाबाकी स्वतःकडे घेतली. आता लिफाफा तराजूवर ठेवावा, शाखेचा संकेतांक निवडावा, टपालाचा प्रकार दाबावा, आणि यंत्राने मूल्य काढून ठसा उमटवीत तीच रक्कम त्या शाखेच्या नावे चढवावी, अशी व्यवस्था आहे. लहान यंत्रात दहा-वीस-पन्नास खाती, मोठ्यांत शेकडो. काहींत प्रत्येक शाखेला गुप्त संकेतांक, खर्चाची कमाल मर्यादा, आणि हाताळणीबद्दल टक्केवारीने अधिभार लावण्याचीही सोय. महिनाअखेर कळ दाबली की शाखावार गोषवारा कागदावर उतरतो, किंवा थेट हिशेबखात्याच्या संगणकात जातो. विक्रेत्याच्या तोंडून हे ऐकताना वाटते की, प्रश्न सुटला. आणि यंत्र बसविल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गोषवारा हातात घेतला की दिसते, एकूण खर्चाचा मोठा हिस्सा ‘संकीर्ण’ नावाच्या एका खात्यावर चढलेला आहे.

असे का होते, हे जावक टेबलापाशी एक दुपार घालविली तर कळते. टपाल निघण्याच्या वेळी लिफाफ्यांचा लोंढा येतो. लिफाफ्यावर शाखेचे नाव नसते, असलेच तर साहेबाची अगम्य सही असते. आणि कित्येक यंत्रे शेवटी निवडलेले खाते बदलेपर्यंत तेच धरून बसतात, त्यामुळे कायदे शाखेच्या चार पत्रांनंतर आलेली आस्थापनेची चाळीस पत्रे कायदे शाखेच्याच माथी बसतात. यंत्राने केलेली बेरीज अचूक असते, केवळ ती चुकीच्या नावापुढे असते; आणि छापील तक्त्यातील दशांशापर्यंतची रक्कम पाहून साहेब तिच्यावर विश्वास ठेवतात, हा हस्तलिखित वहीपेक्षा वाढलेला धोका. वहीतील खाडाखोड निदान शंका उत्पन्न करीत असे. शिवाय चढता आकडा मागे फिरत नाही. चुकून पन्नास रुपयांचा ठसा पाच रुपयांच्या लिफाफ्यावर बसला, तर तो लिफाफा जपून ठेवून टपाल खात्याकडे परताव्याचा अर्ज करता येतो, परंतु यंत्रातील शाखेच्या खात्यावरून ती रक्कम वजा होत नाही. ती दुरुस्ती गोषवाऱ्याखाली निराळ्या नोंदीने, कारणासह, करावी लागते. ज्या कचेरीत ही नोंद करण्याची रीत नाही, तेथील खातेवार आकडे वर्षअखेरीस कशाशीच जुळत नाहीत.

यावर पहिला उपाय यंत्रातच आहे: खाते निवडल्यावाचून ठसा उमटूच नये, अशी कडी लावता येते, आणि ती लावलीच पाहिजे. दुसरा उपाय यंत्राबाहेर आहे, आणि तो अधिक मोलाचा. शाखांनी आपले टपाल आपापल्या ट्रेमध्ये, वर संकेतांकाची चिठ्ठी लावून, ठराविक वेळेपूर्वी द्यावे. चिठ्ठी नसलेला गठ्ठा जावक कारकुनाने परत पाठवावा. आणि तसा तो परत पाठविल्याबद्दल शाखाप्रमुखाने त्याच्यावर रागावू नये, असे कार्यालयीन आदेशात स्पष्ट म्हणावे. या शेवटच्या वाक्यावाचून पहिली दोन निरुपयोगी आहेत, कारण आपल्याकडे जावक टेबलावरचा मनुष्य पगाराच्या तक्त्यात शेवटून पहिला असतो आणि त्याने उपअभियंत्याचा गठ्ठा परत करावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. महिन्याच्या शेवटी सर्व शाखांच्या रकमांची बेरीज त्या महिन्यातील चढत्या आकड्याच्या वाढीशी जुळविणे, ही तिसरी गोष्ट. तिला पाच मिनिटे लागतात.

खाती किती उघडावी, हा प्रश्न यंत्र विकत घेताना कोणी विचारीत नाही. शंभर खात्यांची सोय आहे म्हटल्यावर शंभरांची यादी करण्याचा मोह होतो, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाची आद्याक्षरे पुन्हा नव्या रूपाने जन्म घेतात. संकेतांक रचण्याची एक उत्तम रीत आपल्या टपालातच रोज नजरेखालून जाते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साकार झाला. त्यातील पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाची कचेरी दर्शवितात. त्याची रचना पायरीपायरीने आहे, म्हणून नवी कचेरी उघडली तरी जुने अंक हलवावे लागत नाहीत, आणि ज्याला केवळ विभागवार बेरीज हवी त्याने पहिल्या अंकापाशी थांबावे. कचेरीच्या शाखांना असेच दोन-तीन अंकी संकेतांक, पहिल्या अंकाने प्रमुख खाते दाखविणारे, दिले तर शाखांची फेररचना झाली तरी मागच्या वर्षाशी तुलना करता येते. शाखांची नावे वर्णक्रमाने लावून एक-दोन-तीन असे क्रमांक देणारी कचेरी पहिल्याच फेररचनेत तोंडघशी पडते.

तथापि कितीही सुरेख संकेतांक दिले तरी काही टपालाचे खाते ठरत नाही, आणि तेथे यंत्र हात टेकते. सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावयाची म्हणून तिच्या नोटिसा हजारो सभासदांना जातात. अहवाल लेखाशाखेने सिद्ध केलेला, सभासदांची यादी भागभांडवल शाखेची, सभा बोलाविणारे संचालक मंडळ, आणि पत्रावर सही कार्यकारी अधिकाऱ्याची. हा खर्च कोणाचा? चारांपैकी कोणाच्याही नावे टाकला तरी त्या शाखेचा वर्षाचा खर्च एका महिन्यात फुगतो आणि पुढील वर्षाच्या तरतुदीच्या वेळी तिला खुलासे देत बसावे लागते. अशा सामुदायिक टपालासाठी स्वतंत्र खाते असावे आणि ते कोणत्याही शाखेत वाटू नये, असे माझे मत आहे. संयुक्त कुटुंबातील देवघराच्या तेलवातीचा खर्च कोणी भावाभावांत वाटीत नाही. याउलट कर्जवसुलीच्या नोटिसांचा खर्च कर्जदाराच्या खात्यास नावे टाकून वसूल होत असेल, तर तेथे पैशापैशाचा हिशेब आणि प्रत्येक पत्राची नोंद हवी, कारण उद्या तो कर्जदार पुरावा मागेल.

या दोन टोकांतील भेद हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे, असे मला वाटते. बाहेरच्या कोणाकडून टपालखर्च वसूल होत असेल, म्हणजे वकिलाच्या पेढीत अशिलाकडून, विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात अनुदानातून, न्यासात एखाद्या विशिष्ट देणगीच्या निधीतून, तर खातेवार हिशेब सक्तीचा व सूक्ष्म असावा. जेथे पैसा एका शाखेच्या तरतुदीतून दुसरीच्या तरतुदीत केवळ हवाल्याने फिरतो आणि संस्थेच्या तिजोरीत फरक पडत नाही, तेथे खर्च शाखेला दाखवावा, तिच्याकडून वसूल करू नये. वसूल करू लागले की शाखा टपाल वाचविण्यापेक्षा खाते चुकविण्यास शिकतात: पत्रे शेजारच्या शाखेच्या गठ्ठ्यात सरकतात, किंवा कुरिअरने जातात, ज्याचे बिल कार्यालयीन खर्च या दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली पडते. मग टपालाचा आकडा घटल्याचे समाधान मिळते आणि एकूण खर्च वाढतो.

दाखविल्याचा लाभ मात्र खरा आहे, आणि तो बहुधा वजनात असतो. ए-फोर आकाराचा, ८० ग्रॅमी कागदाचा एक ताव बरोबर पाच ग्रॅम भरतो, कारण असे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो. साध्या पत्राला पहिल्या वीस ग्रॅमला पाच रुपये आणि पुढील प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच रुपये असा दर आहे. तेव्हा तीन ताव आणि हलका लिफाफा मिळून काटा वीसच्या आसपास डुलतो, आणि चौथा ताव घातला की खर्च दुप्पट होतो. दरमहा हजारो सूचनापत्रे धाडणाऱ्या शाखेला हे तराजूच्या नोंदीसह दाखविले, तर ती पाठपोट छपाई करते, जाड लिफाफा सोडते, आणि पत्राच्या शेवटी सवयीने जोडले जाणारे अटींचे पान गाळते. तिकिटांच्या काळी हे ध्यानात येत नसे, कारण घाईच्या वेळी कारकून संशयित लिफाफ्यावर सरळ दहा रुपये लावून मोकळा होई. आणि त्याने पाच लावले तर टपालवाला दंडासह रक्कम ज्याला पत्र गेले त्याच्याकडून मागे.

यंत्राच्या कक्षेबाहेर जाणारे टपाल किती, हेही पाहिले पाहिजे, कारण ते वाढत चालले आहे. २०२५ साली भारतीय टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. पूर्वी पाच रुपयांच्या पत्राला सतरा रुपये नोंदणीशुल्क, कर निराळा, असा हिशेब होता. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टाला गावातल्या गावात १९ आणि परगावी ४७ रुपये, त्यावर नोंदणीसाठी पाच रुपये आणि कर, असे पडते. ज्या शाखेची सारी पत्रे नोटिसांच्या रूपाने परगावी नोंदणीने जातात, तिच्या खर्चात यामुळे एकाएकी मोठी वाढ झाली असणार, आणि ती तिच्या उधळेपणामुळे झालेली नाही. म्हणून २०२५-२६ चे खातेवार आकडे मागील वर्षांशी ताडून पाहताना दरवाढीचा भाग वेगळा काढल्यावाचून कोणत्याही शाखाप्रमुखास जाब विचारणे अन्याय्य ठरेल. मोठ्या संस्था स्पीड पोस्ट मासिक बिलावर करतात, आणि ते बिल फ्रँकिंग यंत्रातून जात नाही. उत्तरपत्रांसाठी छापलेल्या परवान्याच्या लिफाफ्यांचे मूल्यही पोहोचतेवेळी दिले जाते. यंत्राचा गोषवारा, स्पीड पोस्टाचे बिल, कुरिअरची बिले आणि उत्तरपत्रांचा खर्च हे चारही एकाच शाखा-संकेतांकाने नोंदवून एका तक्त्यात आणले, तरच शाखेचा टपालखर्च असे त्याला म्हणता येईल; एकट्या यंत्राचा गोषवारा हा त्याचा एक तुकडा आहे, आणि बहुतेक कचेऱ्यांत संचालकांपुढे तेवढाच तुकडा ठेवला जातो.

लहान कचेऱ्यांविषयी थोडे. दिवसाला पंधरा-वीस पत्रे धाडणाऱ्या गृहनिर्माण संस्थेला किंवा शाळेला हे यंत्र घेण्याचे काहीच प्रयोजन नाही. बारनिशीतच तिकिटाच्या रकमेचा एक रकाना आखावा, शाखेची खूण शेजारी घालावी, आणि महिनाअखेर दोन-तीन खुणांची बेरीज करावी. मार्चअखेरीच्या तपासणीला तेवढे पुरते, आणि यंत्राचा परवाना, शाई, देखभाल यांचा खर्च वाचतो. मध्यम कचेरीने यंत्र घ्यावे, पण त्यात प्रथम पाच-सहाच खाती उघडावी, वसुलीची खाती तेवढी वेगळी ठेवावी, आणि सहा महिन्यांनी ‘संकीर्ण’ खात्यावर काय काय चढले आहे ते जावक कारकुनाला शेजारी बसवून पाहावे. त्यातून ज्या शाखेचे टपाल वारंवार वर येईल, तिलाच पुढचा संकेतांक द्यावा.